रंगपेटी आणि रविवार

मराठीतला ‘छंद’ हा शब्द मोठा बोलका आहे. कवितेच्या वृत्ताला आपण छंद म्हणतो आणि मनाने घेतलेल्या ओढीलाही छंदच म्हणतो. तहान लागते, झोप लागते, तसा छंद लागतो. तो ठरवून अंगावर घेता येत नाही. पुढे आपण तो जोपासतो, म्हणजे अंगणातल्या जाईला घालावे तसे त्याला पाणी घालतो. पण घरातल्या एखाद्याला तो जरा अधिकच लागला की त्याला ‘छांदिष्ट’ म्हणून मोकळे व्हायलाही आपण मागेपुढे पाहत नाही. आणि त्यातून पदरात काही पडत नसेल तर ‘रिकामपणचे उद्योग’ हा शेरा ठरलेलाच. छंद हवा, परंतु तो कामाचा हवा, अशी आपली एकूण भूमिका असते. ही भूमिका कितपत खरी आहे हे तपासून पाहायला विन्स्टन चर्चिलचे एक छोटेसे पुस्तक फार उपयोगी पडते. तेही बहुधा लेखकाच्या मनात नसलेल्या रीतीने.

‘पेंटिंग अ‍ॅज अ पास्टाइम’ हे ते पुस्तक. एका बैठकीत वाचून होण्याजोगे. स्वतंत्र पुस्तक म्हणून ते १९४८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, परंतु आतला मजकूर त्याहून जुना आहे. चित्रकलेवरचे लेखन ‘स्ट्रँड मॅगझिन’च्या डिसेंबर १९२१ आणि जानेवारी १९२२ च्या अंकांत आले होते. छंद ह्या विषयावरचा दुसरा एक निबंध १९३२ च्या ‘थॉट्स अँड अ‍ॅडव्हेंचर्स’ ह्या संग्रहात होता. ही दोन अंगे जोडून पुस्तक सिद्ध झाले. शिवण कुठे घातली आहे ते चोखंदळ वाचकाच्या लगेच ध्यानात येते, आणि पुस्तकाचे खरे मर्म त्या शिवणीपाशीच आहे असे माझे मत आहे. जाता जाता एक गंमत नोंदवायला हवी. ‘स्ट्रँड’ने ह्या लेखनाबद्दल चर्चिलला एक हजार पौंड मोजले. पत्नी क्लेमेंटाइनला हा व्यवहार पसंत नव्हता. हौशी माणसाने कलेवर लिहिले तर व्यावसायिक चित्रकारांना ते रुचणार नाही अशी तिची धास्ती होती. पतिराजांनी ऐकले नाही. विरंगुळ्याविषयीचे लेखनदेखील अशा रीतीने पोटापाण्याच्या कामात जमा झाले!

पुस्तकामागची घटना सुप्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीवरची मोहीम फसली, आणि १९१५ च्या मे महिन्यात चर्चिलला नौदलाचे मंत्रिपद सोडावे लागले. वय चाळीस. नाममात्र अधिकाराचे एक पद हाती राहिले. युद्धाची सारी माहिती कानावर येत होती, परंतु निर्णय एकही घेता येत नव्हता. दिवसरात्र कामाच्या दाबाखाली वावरलेल्या माणसाचा दाब एकाएकी काढून घेतला म्हणजे काय होते, हे सांगताना त्याने खोल समुद्रातून झटकन वर ओढलेल्या प्राण्याची उपमा दिली आहे. त्याच्या शिरा फुटू पाहतात. नोकरीतून निवृत्त झालेल्या कित्येक कर्तबगार गृहस्थांची पहिल्या सहा महिन्यांत जी अवस्था होते, तिचे इतके अचूक वर्णन क्वचितच वाचायला मिळते. त्या उन्हाळ्यात सरे परगण्यातील हो फार्म ह्या भाड्याच्या घरी कुटुंब राहत असता, एका रविवारी त्याने मुलांच्या रंगपेटीशी खेळून पाहिले. दुसऱ्या दिवशी सोमवारी तैलरंगांचे सारे साहित्य घरात आले.

पुस्तकाचा पहिला भाग ह्या अनुभवाचे शास्त्र सांगतो. कोट एकाच जागी घासत राहिला की कोपरावर विरतो, तसे मनही सतत एकाच जागी वापरले की विरते. फरक इतकाच की, कोटाची बाही घासून कोपराची झीज भरून निघत नाही, मनाची मात्र निघते. म्हणून थकलेल्या मनाला नुसते ‘आता थांब’ म्हणून भागत नाही. त्याच्या दुसऱ्या एखाद्या भागाला काम द्यावे लागते. दिवसभर कागदांशी झुंजणाऱ्या माणसाने रात्री पुस्तक उघडले तर तो त्याच कोपरावर भार टाकतो. हाताला आणि डोळ्याला गुंतवणारे काहीतरी हवे. आठवडाभर घाम गाळलेल्या कामगाराला शनिवारी फुटबॉल खेळायला लावणे जसे गैर, तसेच आठवडाभर डोके शिणवलेल्या माणसाला सुट्टीत पुन्हा डोक्याचेच काम देणे गैर. स्वतः चर्चिल पुढे विटाही रचू लागला. १९२८ साली तो गवंड्यांच्या संघटनेचा रीतसर सभासददेखील झाला होता.

हे सारे पटण्यासारखे आहे. पहाटेच्या विरार लोकलने चर्चगेट गाठणारा आणि रात्री आठला वसईत उतरणारा आपला गृहस्थ घरी येऊन दूरदर्शन संचासमोर किंवा हातातल्या मोबाइलसमोर बसतो, तेव्हा तो विसावा घेत आहे असे त्याला वाटते. प्रत्यक्षात दिवसभर पडद्याकडे पाहून शिणलेले डोळेच तो पुन्हा पडद्याला लावतो. तोच गृहस्थ रविवारी वाडीत कुदळ घेऊन तासभर घालवतो आणि घामाघूम होऊन परततो, तेव्हा चेहऱ्यावरचा शीण उतरलेला असतो. चर्चिलचे म्हणणे खोटे नाही. तरीही ह्या भागात काहीतरी खटकत राहते. सगळी भाषा दुरुस्तीची आहे. मन हे यंत्र, छंद हे वंगण, आणि सोमवार हे त्या वंगणाचे प्रयोजन! विरंगुळा घ्यायचा तो कशासाठी, तर पुन्हा कामाला जुंपून घेता यावे यासाठी. एखाद्या मालकाने आपल्या नोकरांना हेच पुस्तक वाटले, तर त्याचा हेतू दयाळूपणाचाच असेल असे सांगता यायचे नाही.

आणि मग शिवण ओलांडून आपण चित्रकलेच्या भागात येतो. येथे लेखकाचा आवाजच बदलतो.

कोरा कॅनव्हास समोर आहे. युद्धे चालवलेला हा माणूस त्या पांढऱ्या कापडाला भितो. अगदी बारीक कुंचला घेऊन तो आकाशाच्या जागी घेवड्याच्या दाण्याएवढा निळा ठिपका देतो आणि थांबतो. तेवढ्यात दारात मोटार थांबते. त्यातून चित्रकार सर जॉन लॅव्हरी यांची पत्नी, स्वतः उत्तम चित्रकर्ती असलेली हेझल लॅव्हरी, उतरते. ती विचारते, अडलेय कशासाठी? मोठा कुंचला मागून घेते, रंगात बुडवते आणि त्या घाबरलेल्या कॅनव्हासवर निळ्याचे सपासप फटकारे ओढते. कॅनव्हास उलटून मारत नाही! ते पाहताच चर्चिलची भीड मोडते ती कायमची. हा प्रसंग त्याने अशा खुमासदार शैलीत सांगितला आहे की, जन्मात कुंचला न धरलेल्या वाचकाचाही हात शिवशिवू लागावा. त्यात मला विशेष वाटते ते हे की, देशाच्या कारभारात ज्याला चुकण्याची मुभा उरली नव्हती, त्या माणसाला चुकण्याची एक जागा सापडली. तैलरंगांची तो जी बाजू घेतो तीही ह्याच कारणासाठी. जलरंगात चुकलेले मिटवता येत नाही. तैलरंगात सुरीने सारे खरवडून पुन्हा आरंभ करता येतो.

पुढची पाने तर निव्वळ आनंदाची आहेत. चित्र काढू लागल्यापासून आपल्याला दिसू लागले, असे तो सांगतो. जी भिंत इतकी वर्षे नुसती भिंत होती, तिच्या सावलीत किती रंग दडले आहेत ते आता कळते. डोळ्याने टिपलेले कॅनव्हासवर उतरेपर्यंत मध्ये स्मृतीचे टपालघर लागते, आणि तेथे निरोपाचे काय काय होते, ह्याविषयीचे त्याचे विवेचन तर एखाद्या कलासमीक्षकालाही अभिमान वाटावा असे आहे. तेजस्वी रंगांवर त्याचे प्रेम, आणि बिचाऱ्या तपकिरी रंगांची त्याला कणव. स्वर्गात गेल्यावर पहिली काही लाख वर्षे चित्रकलेला द्यायची, म्हणजे विषयाच्या मुळाशी जाता येईल, असा त्याचा बेत आहे. एका ठिकाणी तो कबूल करतो की, कवायतीच्या मैदानावर आणि चर्चमध्येही अर्धा तास उभे राहणे त्याला जड जाते, पण चित्रासमोर तीन-चार तास उभे राहिले तरी पाय दुखत नाहीत. आपल्या धर्मगुरूंनी हे वाक्य मनावर घेऊ नये. परंतु रविवारच्या मिस्सेला मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या मंडळींना त्यात एक थोर साथीदार लाभला आहे, हे मान्य करावे लागेल.

ह्या पानांवर सोमवार कुठेच नाही. ताज्यातवान्या मनाने संसदेत परतण्याची भाषा नाही. लेखक आपले शास्त्र विसरला आहे, आणि विसरला आहे म्हणूनच लेखन इतके जिवंत झाले आहे. पहिल्या भागात छंद हा कामाचा चाकर होता. दुसऱ्या भागात तो स्वतःच्या घरचा धनी झाला. ही विसंगती चर्चिलला दिसली होती की नाही, कोण जाणे. पण त्याच १९४८ साली जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका लहान पुस्तकाने नेमके तिच्यावरच बोट ठेवले.

ते पुस्तक म्युन्स्टरच्या योझेफ पीपर (१९०४–१९९७) ह्या कॅथलिक तत्त्वचिंतकाचे, ‘मूसे उंड कुल्ट’. म्हणजे ‘फुरसत आणि उपासना’. टी. एस. एलियटच्या प्रस्तावनेसह त्याचे इंग्रजी भाषांतर १९५२ साली आले. दोन्ही पुस्तके एका वर्षाची; एक जेत्या राष्ट्राच्या नेत्याचे, दुसरे ज्याची शहरे मातीला मिळाली होती अशा राष्ट्रातल्या अध्यापकाचे. चहूकडे घरे उभारायची असताना फुरसतीवर बोलणे हा खुळेपणा वाटेल, हे पीपर जाणून आहे. तरीही तो म्हणतो की, पुन्हा काम करता यावे म्हणून घेतलेली विश्रांती, मग ती तासाची असो की तीन आठवड्यांची, ती कामाचाच एक भाग. फुरसत ही निराळी गोष्ट आहे. ती मनाची एक अवस्था आहे, वस्तूंना त्यांच्या असण्यासह आपल्यापाशी येऊ देण्याची. ग्रीकांच्या ज्या ‘स्कोले’ ह्या शब्दाचा अर्थ फुरसत, त्यातूनच ‘स्कूल’ हा शब्द आला. आपल्या मुलांच्या दप्तरांकडे पाहिले म्हणजे ह्या व्युत्पत्तीवर विश्वास ठेवणे कठीण जाते!

पीपरचे आणखी एक विवेचन आपल्यासारख्यांना विशेष मोलाचे वाटेल. धर्मशिक्षणात सात महापापांची यादी पाठ करताना आपण शेवटी ‘आळस’ म्हणतो, आणि आळस म्हणजे काम न करणे असे लहानपणापासून धरून चालतो. परंतु मूळ ‘असेदिया’ ह्या संज्ञेचा मध्ययुगीन अर्थ तो नव्हे, असे पीपर सेंट थॉमस अक्वायनस यांच्या आधारे दाखवतो. आपण जे आहोत, देवाने आपल्याला जे केले आहे, त्याला मनातून नकार देणे, ही असेदिया. तिच्याविरुद्ध उभा असतो तो उद्योगीपणा नव्हे. किंबहुना क्षणभरही स्वस्थ बसू न देणारी कामाची तगमग हे तिचेच एक रूप असू शकते. ह्या दृष्टीने पाहता, ‘मला मरायलाही फुरसत नाही’ असे अभिमानाने सांगणारा मनुष्य आळसाच्या पापातून सुटला असे नाही.

तथापि पीपर वाचल्यावर चर्चिलचे पुस्तक बाजूला ठेवावे असे मात्र मला वाटत नाही. पीपरच्या पुस्तकात हाताला रंग लागत नाही. फुरसत म्हणजे काय ते तो सांगतो; ती एका दमलेल्या, अपमानित, चाळिशीच्या माणसाला कशी लाभली हे चर्चिल दाखवतो. त्यासाठी त्याला मुलांची रंगपेटी उघडावी लागली. केवळ चिंतनाने तो दाब उतरला नसता. आपल्यापैकी बहुतेकांची वाट हीच असणार. प्रथम मन रिकामे होते आणि मग हात चालतो असे नव्हे. हात कशात तरी रमतो आणि मन कधी रिकामे झाले ते कळतही नाही.

हे सारे मनात ठेवून आपल्या घरांकडे पाहिले तर काय दिसते? मुलाची बोटे पेटीवर जरा बरी फिरू लागली की आपण त्याला परीक्षांना बसवतो. सुट्टी लागताच चित्रकलेच्या शिकवणीला घालतो. तिथून प्रमाणपत्र येते, स्पर्धा येते, भिंतीवर चौकट लागते आणि दोन वर्षांत कुंचला माळ्यावर जातो. चुकण्याची ती जागा आपणच बुजवून टाकतो. आणि बायकांचे काय? पुरुषाला असतो तो छंद. बाईला असते ती हौस, आणि तीही कामे आटोपल्यावर. तिच्या क्रोशाच्या सुईतून वेदीसाठी झालर उतरली, नातवंडासाठी टोपडे उतरले, की हौसेला मान मिळतो. ती कशासाठीही नसलेले काही विणत बसली तर घरातले कोणीतरी चहाची आठवण करून देते.

ह्या बाबतीत चर्चिलचे पुस्तकही निर्दोष नाही. त्याची चरित्रे सांगतात की, हो फार्मच्या बागेत आधी जलरंगांत चित्र काढत बसली होती ती त्याची भावजय ग्वेंडलिन. तिचा पती, चर्चिलचा धाकटा भाऊ जॅक, तेव्हा गॅलिपोलीच्या आघाडीवर होता. तिला रंगवताना पाहून चर्चिल रेंगाळला, आणि तिनेच त्याला मुलांचे रंग वापरून पाहायला लावले. पुस्तकात रविवार आहे, रंगपेटी आहे, भावजय नाही. मोठ्या कुंचल्याची हेझल लॅव्हरी लक्षात राहिली. शेजारी निमूटपणे जलरंग लावणारी राहिली नाही. ज्या पुस्तकाचा गाभा ‘मला दिसू लागले’ हा आहे, त्यात ही जागा रिकामी राहावी हे मला फार लागते. शिवाय घोडा कोण उचलतो, रंगाचे तबक कोण धुतो, चित्र रंगत असता जेवणाची वेळ कोण सांभाळतो, ह्याचा विचारही लेखकाला सुचत नाही. छंद सर्वांना परवडणारा आहे असे तो आवर्जून सांगतो, परंतु ते सांगतो ते चाकरमाणसांनी भरलेल्या घरात बसून.

भारतीय वाचकाची खरी अडचण ह्याहून मोठी आहे. हा तरुण १८९६ साली आपल्या मुंबईला ससून डॉकवर उतरला होता. उतरताना भिंतीतली लोखंडी कडी पकडताच नाव हेलकावली आणि खांदा निखळला. ते दुखणे जन्मभर त्याच्या सोबतीला राहिले. पुढे बंगलोरच्या छावणीत, भर दुपारच्या रिकाम्या वेळी, गिबन आणि मेकॉले वाचून त्याने स्वतःला घडवले. आपल्या देशाने त्याला फुरसत दिली असे म्हणायला हरकत नाही. त्याने आपल्याला काय दिले? १९३० नंतरच्या दशकात भारताच्या स्वयंशासनाला त्याच्याइतका कडवा विरोध फारच थोड्यांनी केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने एकच चित्र रंगवले असे मानले जाते. जानेवारी १९४३ मध्ये, मोरोक्कोतल्या माराकेश शहरात, कुतुबिया मशिदीच्या मनोऱ्याचे, मागे ॲटलास पर्वताच्या बर्फावर संध्याकाळचा प्रकाश. ते त्याने अध्यक्ष रूझवेल्ट यांना भेट दिले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्यात वीस ते तीस लाख माणसे दगावल्याचे अंदाज आहेत, आणि धान्याची जहाजे वळवण्यात त्याच्या मंत्रिमंडळाने केलेल्या दिरंगाईवर इतिहासकारांनी कठोर ठपका ठेवला आहे. मनोऱ्याच्या सावलीतला जांभळा रंग ज्याला दिसला, त्याला कलकत्त्याच्या रस्त्यावरची माणसे दिसली नाहीत.

तेव्हा छंदाने माणूस चांगला होतो, असे ह्या पुस्तकावरून म्हणता येणार नाही, आणि लेखकानेही तसा दावा केलेला नाही. बाग फुलवणाऱ्या आणि व्हायोलिन वाजवणाऱ्या हातांनी काय काय केले ते विसाव्या शतकाने पुष्कळ पाहिले. छंद डोळे उघडतो ते चित्राच्या चौकटीपुरते; चौकटीबाहेरचे पाहायला निराळी मेहनत लागते. एवढी खूणगाठ बांधून पुस्तक वाचले तर त्यातला आनंद नासत नाही, आणि लेखकाला देव्हाऱ्यात बसवण्याची वेळही येत नाही.

चित्रे कशी आहेत, हा प्रश्न समीक्षेत टाळता येत नाही. पाचशेहून अधिक तैलचित्रे त्याने काढली. पुस्तकात छापलेल्या चित्रांत पाणी आणि झाडे चांगली उतरली आहेत. माणसे बरीच कच्ची आहेत. १९४७ साली ‘डेव्हिड विंटर’ हे टोपणनाव घेऊन त्याने लंडनच्या रॉयल अकादमीकडे चित्रे पाठवली आणि त्यांपैकी दोन स्वीकारली गेली, तेव्हा हौशी माणसाला शोभेल इतके कसब त्याच्या हाती नक्कीच होते. माराकेशचे ते चित्र २०२१ साली लंडनच्या लिलावात ऐंशी लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. ही किंमत रंगांची नव्हे, सहीची आहे.

मला स्वतःला त्याचे शेवटचे समजले जाणारे चित्र अधिक आवडते. चार्टवेलच्या घरच्या तळ्यातल्या सोनेरी माशांचे ते चित्र १९६२ च्या सुमाराचे. तेव्हा त्याचे वय सत्त्याऐंशीच्या घरात होते. आकार फारसे उरलेले नाहीत, गर्द हिरव्यात नारिंगी ठिपके तेवढे तरंगतात. ते चित्र त्याने आपल्या अंगरक्षकाला देऊन टाकले. उतारवयात चित्राला बसण्यापूर्वी त्याचा घोडा मांडून देण्याचे काम तो अंगरक्षकच करीत असे.